प्रायव्हेट व्हेरिएबलला ‘खासगी’ म्हणावे का?

अर्धविराम: डिप्लोमाच्या मुलांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवरचे एक प्रकरण मराठीत करतोय. ‘प्रायव्हेट व्हेरिएबल’ला (साच्याच्या, म्हणजे क्लासच्या, आतच वापरायचे, किंमत साठवणारे नाव) मी ‘खासगी चल’ लिहिले, तपासणाऱ्या बाईंनी ‘खासगी’वर काट मारली. त्यांचा मुद्दा असा: ‘खाते’ या क्लासमध्ये __शिल्लक असे नाव दिले की पायथन गुपचूप त्याचे _खाते__शिल्लक करतो. (आवृत्ती ३ पासून देवनागरी नावे चालतात.) हे दुसरे नाव ठाऊक असलेला कोणीही बाहेरून शिल्लक बदलू शकतो, मग ती खासगी कसली? ‘संरक्षित’ म्हणावे तर तो ‘प्रोटेक्टेड’ला (क्लास आणि त्यावरून बनलेले सबक्लास यांच्यापुरत्या चलाला) गेलेला. काय करू?

बोरूबहाद्दर: आधी ‘खाजगी’ लिहा. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात.

ठिगळ: बाईंचे पटले नाही. फाटकावर ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी असते, फाटक ओलांडता येतच नाही असे थोडेच असते? पायथन पाटीच लावतो. जावा भाषेत कंपायलर (कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) अडवतो म्हणून आपण खासगी म्हणजे कडीकुलूप समजून बसलो. तेही रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रॅममधून क्लासच्या आत डोकावण्याच्या सोयीने, उघडते म्हणा.

त्रिज्या: पाटीसाठी नावाआधी एक अंडरस्कोअर (_) पुरतो. दोन अंडरस्कोअर राखणीसाठी नाहीतच. सबक्लासमध्ये त्याच नावाचे काही आले तर टक्कर होऊ नये म्हणून ती सोय. मी शिकवते तेव्हा मुले हमखास एका ठिकाणी फसतात. समजा ख हे एक खाते. क्लासबाहेरून ख.__शिल्लक ला शून्य दिले तर एरर येत नाही! त्या नावाचा दुसराच चल तयार होतो आणि खरी शिल्लक होती तिथेच राहते. बदल रोखायचा तर प्रॉपर्टी (चलासारखी दिसणारी, पण आतून फंक्शन चालवणारी सोय) करून सेटर (किंमत बदलणारे फंक्शन) देऊ नये, पण तिच्या मागचा चल उघडाच असतो. मी ‘अंतर्गत’ म्हणते.

बोरूबहाद्दर: अंतर्गत म्हणजे इंटर्नल. सी-शार्प भाषेत त्याचा अर्थ वेगळा. ‘खाजगी’च घ्या, मूळ घरचेच आहे: फारसी खाना म्हणजे घर, त्यावरून गुजराती ‘खानगी’, त्याचे आपले खाजगी.

जुना दप्तरी: ओढूनताणून आणलेत हो. ‘खास’वरून खासगी, ‘स’चा ‘ज’ बोलण्यात झाला. होळकरांकडे दौलत (राज्याचा पैसा) आणि खासगी (घराण्याचा स्वतःचा) असे दोन वेगळे हिशेब असत. इंदूरला खासगी ट्रस्ट अजून आहे. खासगीचा पैसा दौलतीत मिसळायचा नाही, हा रिवाज. अर्धविराम, तुमचा शब्द या अर्थाने चपखल बसतो.

बोरूबहाद्दर: मग गुजरातीत ‘न’ कुठून आला, ते सांगा.

जुना दप्तरी: ते गुजरात्यांना विचारा. खानगी निराळा शब्द आहे, एवढेच म्हणतोय.

ठिगळ: जावास्क्रिप्ट भाषेने २०२२ च्या मानकात # लावलेली फील्ड (क्लासमधला चल) आणली. क्लासबाहेर त्या नावाला हात लावला की सरळ सिंटॅक्स एरर, कोड चालतच नाही. तिला काय म्हणणार, अतिखासगी?

त्रिज्या: तिला खासगी म्हणा, पायथनच्याला ‘अंतर्गत’.

नवखा: मुलाखतीत ‘खासगी चल’ म्हटले तर समोरचा हसेल. प्रायव्हेट व्हेरिएबलच ठेवा ना.

जुना दप्तरी: दहावीत ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ सोडवताना कोणी हसले नाही.

अर्धविराम: मंडळी, प्रकरण शुक्रवारी छपाईला जायचे आहे. खासगी की अंतर्गत?

बोरूबहाद्दर: खाजगी. आणि ‘क्लास’ तसाच ठेवून ‘चल’ मात्र मराठीत, हे काय? ‘वर्ग’ म्हणायला लाज वाटते का?