परकी बाई कोसळली, तर पुरुषाने हात लावायचा की नाही?

मुसाफिर : हृदय बंद पडलेल्या गैरमहरम (परक्या) बाईची छाती दाबायला पुरुषाने पुढे व्हावं का, हे अजून विचारावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. कुरआनच्या पाचव्या सूरेतली 32वी आयत सांगते, ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू साऱ्या माणसांना वाचवलं. बुडणाऱ्याला काढण्यासाठी चालू नमाज तोडणं फकीहांनी (इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) वाजिब (बंधनकारक) ठरवलंय. मग स्पर्शाचा नियम नमाजपेक्षा मोठा झाला का? रक्तपुरवठा थांबला की 4 ते 6 मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्यात बाई शोधून आणायची कुठून?

सबुरी : इतकं सोपं करू नका. जरूरत असली की निषिद्ध गोष्टीला मुभा मिळते, मान्य. पण ती मुभा जरूरतीपुरतीच, हेही फिकहच (इस्लामी धर्मशास्त्रच) सांगते. शिकलेली बाई शेजारी उभी असेल तर आधी तिने पुढे व्हावं.
आणि स्पर्शापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे : वैद्यकी येत नसताना जो उपचार करतो, तो नुकसानीला जबाबदार. त्याच संग्रहात डोक्याला जखम झालेल्या माणसाची हकिकत आहे. सोबत्यांनी त्याला गुस्ल (शुद्धीसाठीची पूर्ण अंघोळ) करायलाच लावलं आणि तो दगावला. पैगंबर म्हणाले, त्यांनी त्याला मारलं. अर्धवट माहिती जीव घेते ती अशी.

मुसाफिर : ती हकिकत तुमच्याच विरुद्ध जाते! सोबत्यांनी चुकीचं औषध दिलं नव्हतं. जखमीला अंघोळीतून सवलत असताना नियमावर अडून बसले, म्हणून माणूस गेला. ‘हात लावू नका’ म्हणणारे आज तेच करतात.

शुश्रूषा : मी हे काम करते म्हणून लिहिते. बुखारीच्या हदीस-संग्रहात पैगंबरांच्या काळातल्या रुबय्यि बिन्त मुअव्विज या बाईंचंच सांगणं आहे, की आम्ही पैगंबरांसोबत लढाईला जायचो, पाणी पाजायचो, जखमींवर उपचार करायचो. ते जखमी पुरुषच होते ना?
दाब कपड्यांवरूनही देता येतो : छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या मात्र उघड्या त्वचेवरच लागतात. तिथे लाजून थांबू नका, भोवती चादर धरायला सांगा.

सबुरी : चादरीचं पटलं. पण न शिकलेल्याचं काय?

शुश्रूषा : जीव वाचवणं फर्ज-ए-किफाया (काहींनी केलं की बाकीचे सुटतात असं सामूहिक कर्तव्य) आहे, मदत करू शकणारे तुम्ही एकटेच असाल तर ते तुमच्यावर फर्ज-ए-ऐन (ज्याचं त्यानेच करायचं कर्तव्य) होतं. म्हणून आधीच शिकून ठेवा. नसेल येत, तर रुग्णवाहिकेला फोन लावा आणि पलीकडून सांगतील तसा दाब देत राहा. श्वास थांबलेल्या माणसाचं याहून वाईट काय होणार?

सबुरी : श्वास थांबलेला असेल तर हरकत नाही. पण अपघातात मणका दुखावलेल्या माणसाला, गाडी पेटलेली नसताना, हातपाय धरून ओढणाऱ्याला मी अजूनही जबाबदारच धरेन.