अजाईल शिकलेल्या प्रोजेक्ट मॅनेजरने कामं वाटणं सोडावं का?

बॅकलॉगवाला: दोन दिवसांच्या कोर्सने स्क्रम मास्टरचं (टीमला स्क्रम ही अजाईल कार्यपद्धत नीट वापरायला मदत करणाऱ्याचं) सर्टिफिकेट मिळतं, अजाईल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घेणं, येत नाही. कोर्सहून आलेले बरेच मॅनेजर जुन्याच स्टेटस मीटिंगला 'डेली स्क्रम' म्हणू लागतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! डेली स्क्रमची रोजची पंधरा मिनिटं डेव्हलपरांनी आपसात दिवसाची आखणी करायला असतात. प्रत्यक्षात जो तो मॅनेजरकडे तोंड करून 'काल हे केलं, आज ते करतो' अशी हजेरी लावतो. २०२०च्या स्क्रम गाइडमधून (स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेतून) 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्नही गेले. त्यात भूमिका तीनच: प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी ते ठरवणारा), स्क्रम मास्टर, डेव्हलपर. मॅनेजर कुठेच नाही. तेव्हा आधी कामं वाटणं सोडा.

तारीखपेतारीख: साफ असहमत. गाइडमध्ये नाव नाही म्हणून काम संपतं का? कंत्राट फिक्स्ड प्राइसचं, दुसऱ्या टीमचा एपीआय (दोन सॉफ्टवेअर जोडणारा दुवा) लटकलेला, क्लायंट रिलीजची तारीख मागतोय. हे निस्तरायचं कोणी? टीम 'स्वयंव्यवस्थापित' आहे असं क्लायंटला सांगून बघा एकदा.

बॅकलॉगवाला: तारीख द्या की, पण ती टीमच्या कामातून काढा. समजा १२० पॉइंट (टीमने अंदाजलेला कामाचा आकार) उरलेत आणि टीम स्प्रिंटला, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या कामाच्या एका फेरीत, २० ते ३० संपवते. म्हणजे चार ते सहा स्प्रिंट. हीच रेंज सांगायची आणि दर स्प्रिंटनंतर सुधारायची.

कार्डसरकवू: आणि वरून फर्मान येतं, 'पुढच्या स्प्रिंटला ४० करा'. मग तीन पॉइंटची स्टोरी (कामाचा एक तुकडा) पाचची होते. आकडा फुगतो, काम तेवढंच. व्हेलॉसिटी (दर स्प्रिंटला संपणारे पॉइंट) टीमच्या आखणीसाठी ठेवा, अप्रेझलमध्ये आणू नका. (स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी हे शब्द स्क्रम गाइडमध्ये नाहीतच, तरी सगळी भांडणं त्यांवरूनच!) मी तर मॅनेजरला आधी कानबान, म्हणजे कामांची कार्डं बोर्डावरच्या रकान्यांतून सरकवायची पद्धत, शिकवेन. टेस्टिंगच्या रकान्यात तीनच कार्डं राहतील असं ठरवायचं. तीन भरली की डेव्हलपरने नवं काम न उचलता टेस्टिंगला हात लावायचा. काम कुठे तुंबतंय ते बोर्डावर दिसतं, कोणाला विचारत फिरावं लागत नाही.

तारीखपेतारीख: कानबानचं पटलं. पण '२००१च्या अजाईल मॅनिफेस्टोने प्लॅन मोडीत काढला' असं कोणी म्हणू नये. सतरा जणांनी सही केलेल्या त्या मजकुरात प्लॅनलाही मोल आहे असं स्पष्ट लिहिलंय, फक्त बदलाला प्रतिसाद देणं त्याहून वरचं. कामं वाटणं सोडेन मी. पण स्प्रिंटच्या मध्यात क्लायंटचा साहेब 'एवढं एक घालाच' म्हणून फोन करतो, तो तुमचा प्रॉडक्ट ओनर उचलणार का?

बॅकलॉगवाला: उचलायलाच हवा. उचलत नसेल, तर त्याला ते अधिकार मिळवून देणं हेच मॅनेजरचं काम.