बहुमत, मताधिक्य आणि ‘सर्वाधिक मते’: कुठे कोणता शब्द?

नाशिकरोड
नववीच्या मुलांसाठी मतदानाच्या पद्धतींची तुलना करणारं टिपण लिहिते आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडले आहे. निम्म्याहून जास्त मतं मिळाली तरी ‘बहुमत’, आणि नुसती इतरांपेक्षा जास्त मिळाली तरी ‘बहुमत’ असंच वाचायला मिळतं. मग ‘मताधिक्य’ कुठे वापरायचं? आणि या पद्धती ज्यावर जोखायच्या त्यांना ‘निकष’ म्हणू की ‘कसोट्या’?

पंचवटी
ताई, हा घोळ आधी मिटवायलाच हवा, कारण तुलनेची पहिली कसोटीच त्यावर उभी आहे.

बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक. विधानसभेत सरकार ‘बहुमत सिद्ध’ करतं ते याच अर्थाने, 288 पैकी 145. मताधिक्य म्हणजे विजेता आणि त्याच्या खालोखालचा उमेदवार यांच्यातला फरक. आणि लोकसभेला किंवा विधानसभेला उमेदवार निवडून येतो तो ‘सर्वाधिक मतांनी’. चौरंगी लढतीत 30 टक्के मतं घेऊनही आमदार होता येतं. तिथे मताधिक्य असतं, बहुमत नसतं. अशा निकालाला ‘बहुमताने विजयी’ म्हटलं की 70 टक्के मतं दुसरीकडे गेली होती, हेच वाचकाच्या नजरेआड होतं. मला हे मनापासून खटकतं.

शब्दाच्या मुळाचा इथे उपयोग नाही. संस्कृतात ‘बहुमत’ म्हणजे ज्याला मोठा मान आहे असा. गीतेत (2.35) ‘येषां च त्वं बहुमतो भूत्वा यास्यसि लाघवम्’ असं आहे, तिथे मोजणीचा प्रश्नच नाही. मोजणीचा अर्थ आपण नंतर दिला, तेव्हा तो नेमका ठेवणंही आपल्याच हातात आहे.

उदाहरण आपल्याच भागातलं घ्या. विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत मतदार 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहितो. एकच जागा असल्याने वैध मतांच्या निम्मे अधिक एक हा जिंकण्याचा कोटा ठरतो, म्हणजे तिथे खरोखर बहुमत शोधलं जातं. 2024 च्या शिक्षक मतदारसंघात पहिल्या पसंतीत कुणीच कोटा गाठला नाही, म्हणून सर्वांत कमी मतांचे उमेदवार बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजावी लागली. कायद्याच्या मराठीत याला ‘एकल संक्रमणीय मत’ म्हणतात. मुलांसाठी ‘पसंतीक्रमाची पद्धत’ पुरे.

राष्ट्रपतिपदाच्या 1969 च्या निवडणुकीत हेच दिसतं. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी 4,01,515, नीलम संजीव रेड्डी 3,13,548 आणि आपले चिंतामणराव देशमुख 1,12,769. कोटा होता 4,18,169. गिरींकडे ‘सर्वाधिक मते’ होती, बहुमत नव्हतं. देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोठ्या प्रमाणावर रेड्डींकडे गेली, फरक खूप घटला, आणि गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे जिंकले. ही एक निवडणूक फळ्यावर मांडली तर तिन्ही शब्द मुलांना वेगळे दिसतील.

देवळाली कॅम्प
पण सर, लोक बोलताना ‘बहुमताने निवडून दिलं’ असंच म्हणतात. भाषा लोकांची असते.

पंचवटी
बोलण्यात म्हणू द्या, कुणाला अडवायचं नाही. पण जिथे दोन पद्धती शेजारी ठेवून तोलायच्या आहेत तिथे सैल शब्द चालणार नाही. ‘निम्म्याहून अधिक मतदारांची पहिली पसंती असलेला उमेदवार जिंकलाच पाहिजे’ ही बहुमताची कसोटी. आपली नेहमीची पद्धत ती पार करते. पसंतीच्या क्रमानुसार गुण देणारी फ्रेंच गणितज्ञ बोर्दाची पद्धत, अठराव्या शतकातली, ती नेहमी पार करत नाही. हे वाक्य मुलांना कळायचं तर ‘बहुमत’चा अर्थ एकच हवा.

आता निकष की कसोटी. दोन्ही मुळात सोनाराचा काळा दगडच, सराफ बाजारात ज्यावर सोनं घासून पाहतात तो. वापरात मात्र फरक पडला आहे. ‘निकषात बसणे’ म्हटलं की योजनेची पात्रता आठवते, म्हणजे आधी ठरवलेली अट. ‘कसोटीला उतरणे’ म्हटलं की प्रत्यक्ष घासून पाहणं येतं. मतदानपद्धतीचं काम दुसऱ्या प्रकारचं आहे. एक उलट उदाहरण सापडलं की पद्धत त्या कसोटीत नापास. म्हणून माझं मत ‘कसोटी’ला.

फ्रेंच गणितज्ञ कोंदोर्सेने 1785 मध्ये मांडलेल्या कसोटीला तर मराठीत आयता शब्द आहे: ‘सरळ लढतीची कसोटी’. जो उमेदवार इतर प्रत्येकाला एकास एक लढतीत हरवतो, तो जिंकायला हवा. अमेरिकेतल्या अलास्कात ऑगस्ट 2022 च्या पोटनिवडणुकीत पसंतीक्रमाची पद्धत होती. निक बेगिच तिसरे आले म्हणून बाद झाले आणि मेरी पेल्टोला निवडून आल्या. पण मतपत्रिकांनुसार सरळ लढतीत बेगिच यांनी पेल्टोला आणि सारा पेलिन या दोघींनाही हरवलं असतं. पसंतीक्रमाची पद्धत बहुमताचा शोध घेते, तरी या कसोटीत ती नापास होऊ शकते.

देवळाली कॅम्प
म्हणजे पेलिनबाईंनी बेगिचची मतं खाल्ली. दिंडोरीला 2024 ला झालं तसंच ना?

पंचवटी
शब्द तोच वापरतो आपण, पण गोष्टी दोन आहेत. दिंडोरीत भास्कर भगरे यांच्याशी नामसाधर्म्य असलेल्या आणि त्यांच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ चिन्हासारखं ‘तुतारी’ चिन्ह मिळालेल्या अपक्षाने एक लाखाहून अधिक मतं घेतली. ती नावाच्या आणि चिन्हाच्या गोंधळाची गोष्ट. भास्कर भगरे तरीही जिंकले. ‘मतविभागणी’ वेगळी. तिथे मतदाराचा गोंधळ नसतो, सारख्या विचाराचे दोघे उभे राहतात आणि तिसऱ्याचं फावतं. हरणारा उमेदवार असल्या-नसल्याने विजेता बदलू नये, ही कसोटी त्याच दुखण्यावर बोट ठेवते. सर्व कसोट्या पार करणारी पद्धत मिळेल अशी आशा मात्र मुलांना देऊ नका. तीन किंवा अधिक उमेदवार असतील तर पसंतीक्रमावरची कुठलीच पद्धत, एकाच माणसाचं मत चालवल्याशिवाय, काही अगदी साध्या अटी एकत्र पाळू शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी 1951 मध्ये सिद्ध केलं आहे.

सिडको
महापालिकेला आपण एकाच वेळी चार मतं देतो, तीही पसंतीच म्हणायची का?

पंचवटी
नाही. 2017 ला 31 प्रभागांतून 122 नगरसेवक निवडले. बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा होत्या, आणि प्रत्येक जागा ही स्वतंत्र लढत होती. चार मतं एकमेकांच्या वर-खाली नसतात, त्यामुळे ‘पसंती’ शब्द इथे लागू नाही. ‘चार जागांसाठी चार मते’ एवढंच लिहा, आणि निकालापुढे ‘सर्वाधिक मते’.

नाशिकरोड
टिपणाचं शीर्षक ‘मतदानाच्या पद्धती आणि त्यांच्या कसोट्या’ असं बदललं. 1969 चे आकडे घेते आहे.