मदत हवी आहे: दीड लाख किलोमीटरला टेकलेली पोर्शे केयेन घ्यावी का? की वेडेपणा आहे?

बेदाणावाला_सांगली

मंडळी, नमस्कार. आधीच सांगतो, "त्या पैशात नवीन क्रेटा येते" हे मला माहीत आहे. घरी रोज ऐकतोय. तो सल्ला सोडून बाकी सगळं बोला.

व्यवसाय बेदाण्याचा. सांगली-पुणे-मुंबई महिन्यातून तीन-चार फेऱ्या. सध्याची डिझेल एसयूव्ही आठ वर्षांची, 2 लाख 10 हजार पळालीय आणि तिची काही तक्रार नाही. मग हा किडा कुठून आला? गेल्या दिवाळीत एका पाहुण्याची केयेन खंबाटकी घाटात चालवायला मिळाली. पुढं ट्रक होता, जागा दिसली, पाय दाबला, आणि दोन टनांची गाडी अशी निघाली की मागं बसलेल्या मेव्हण्याच्या हातातला चहाचा कप त्याच्याच शर्टावर. तेव्हापासून झोप नाही.

बजेट 20 लाख, सगळं धरून. पाहिलेल्या दोन गाड्या अशा. दोन्ही 2012 च्या केयेन एस, पेट्रोल, 4.8 लिटर व्ही8, 400 अश्वशक्ती.

पहिली दिल्ली पासिंग. मीटरवर 61 हजार. पांढरी, आतून चकाचक, टायर काळेभोर. एजंट 14.5 लाख म्हणतोय. सर्व्हिसचे कागद "मालकाकडं आहेत, येतील".

दुसरी पुणे पासिंग, 1 लाख 46 हजार पळालेली, सेकंड ओनर. मालक स्वतः विकतोय, 17.25 लाख. मागच्या बंपरला ओरखडे, ड्रायव्हर सीटचं लेदर एका कडेला फाटलेलं. पण त्यानं कपाटातून एक जाड फाइल काढून समोर ठेवली. पहिल्या मालकापासूनची बिलं, वॉटर पंप कधी, प्लग कधी, गिअरबॉक्स ऑइल कधी, सगळं तारखेनिशी. फाइलमध्ये एका पानावर पेन्सिलनं लिहिलेलं होतं, "थंड असताना उजव्या बाजूनं टिकटिक? बघणे." त्याच्या खाली वेगळ्या शाईत, "बघितलं. एक्झॉस्टचा हीट शील्ड सैल. स्क्रू बदलला."

मन पहिलीकडं ओढतंय, 61 हजारच पळालीय म्हणून. बायको म्हणते घ्यायचीच असेल तर त्या फाइलवाल्याची घ्या. तिला गाड्यांतलं काही कळत नाही, माणसांतलं कळतं.

प्रश्न: एवढी पळालेली घेतली तर वर्षाला किती पैसे बाजूला ठेवायचे? कुठले आजार ठरलेले आहेत? आणि सांगलीत राहून हे जमेल का?

ग्रीसचे_हात

वहिनींना गाडी निवडू द्या, विषय संपला.

बरं, आता सविस्तर. मी स्वतः गॅरेजवाला आहे, पुण्यात, पण गिऱ्हाईक शोधत नाहीये, त्यामुळं नाव विचारू नका.

मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर मागं घेणं हे आता अर्ध्या तासाचं काम आहे. पण इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. पोर्शेचा स्कॅनर असलेल्या माणसाकडून ते तास वाचून घ्या आणि किलोमीटरला तासांनी भागा. शहर-हायवे मिळून वापरलेली गाडी साधारण ताशी 25 ते 40 च्या मधे कुठंतरी येते. भागाकार फारच खाली आला तर काय समजायचं ते समजा.

स्कॅनर नसेल तरी डोळे आहेत. 61 हजारला ब्रेक पॅडलचं रबर गुळगुळीत होत नाही. स्टीअरिंगचं लेदर चमकत नाही. आणि ते काळेभोर टायर? त्याच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरांवर एकच तारीख आहे का बघा, आणि ते एका कंपनीचे आहेत का तेही. ही फोर व्हील ड्राइव्ह आहे. पुढचे नवे आणि मागचे घासलेले असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो आणि ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) क्लच विनाकारण झिजत राहतो.

मिशिगनचा_मामा

ट्रान्सफर केसचं वरती निघालंच आहे तर पुढं नेतो. मी अमेरिकेत असतो. इथं एक लाख मैल, म्हणजे 1 लाख 60 हजार किलोमीटर झालेल्या केयेन खूप फिरतात, त्यामुळं यांचे आजार लोकांना तोंडपाठ आहेत.

2010 ला आलेल्या या दुसऱ्या पिढीत ट्रान्सफर केस हा पहिला संशयित. लक्षण असं: 40-50 च्या वेगात, हलक्या पायानं वेग वाढवताना गाडी एक बारीक हिसका देते, जणू कुणी मागून शर्ट ओढला. लोक गिअरबॉक्सला दोष देतात आणि तिकडं लाखो घालवतात. आधी ट्रान्सफर केसचं तेल बदलून स्कॅनरनं कॅलिब्रेट करून घ्यावं. पुष्कळदा काही हजार किलोमीटर आराम पडतो, कधी बराच काळ. आराम नाही पडला तर मात्र अख्खा डबा बदलायचा.

दुसरं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. पहिल्या पिढीच्या 4.5 व्ही8 मध्ये दोन सिलिंडर रांगांच्या मधून जाणारे पाइप प्लॅस्टिकचे होते, ते तडकायचे. आता बाजारात ॲल्युमिनियमचे मिळतात. तुमच्या 4.8 मध्ये पाइप धातूचेच आहेत पण जोड गोंदानं चिकटवलेले, आणि वर्षानुवर्षं तापून तो गोंद सुटतो. सुटला की हळूहळू गळत नाही, एकदम भसकन रिकामं होतं. फाइलमध्ये हे काम झालेलं आहे का बघा. नसेल तर ते पैसे खरेदीच्या किमतीत धरा.

तिसरं, 2010 ते 2012 च्या आसपासच्या 4.8 इंजिनांत कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ जुळवणारा भाग) बोल्ट सैल व्हायचे आणि त्यासाठी काही देशांत रिकॉल झाला, म्हणजे कंपनीनं गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. तुमची 2012 ची आहे. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सेंटरला विचारा की या गाडीवर काही काम बाकी आहे का. पाच मिनिटांचा फोन.

सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडण्याचा प्रकारही आहे. गाडी रात्रभर थंड ठेवायला सांगा आणि सकाळी तुम्ही स्वतः चालू करा. विक्रेत्यानं आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. थंडपणी ठकठक, ऑइल पिण्याची तक्रार, आणि एकाच बाजूचे सायलेन्सर पाइप जास्त काजळलेले, असं तिन्ही जमलं तर प्लग काढून आत कॅमेरा घालून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आरटीओची_पायरी

इंजिनवाले बोलले, आता कागदांचं.

दिल्ली पासिंग स्वस्त का, ते आधी समजून घ्या. हरित लवादाचा 2015 चा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं 2018 चं शिक्कामोर्तब, यामुळं तिकडं 10 वर्षांवरची डिझेल आणि 15 वर्षांवरची पेट्रोल गाडी हे दुखणं झालंय. नंतर त्यात बदल होत राहिले, पण भाव पडायचा तो पडलाच. मग त्या गाड्या आपल्याकडं येतात. इथं आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी (नमुना 28), आणि 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, महाराष्ट्राचा कर भरून. तो कर सांगलीच्या आरटीओत आधी काढून घ्या, मग 14.5 ची तुलना 17.25 शी करा. फरक बराच आटेल.

आणि दोन्ही गाड्यांना लागू होणारी गोष्ट: 2012 ची म्हणजे 2027 ला 15 वर्षं. पुनर्नोंदणी आली. 1 एप्रिल 2022 पासून परदेशातून आलेल्या चारचाकीची ही फी 40 हजार आहे, साध्या कारची 5 हजार. व्ही8 केयेन तयारच बाहेरून यायची, त्यामुळं आकडा मोठाच धरा. शिवाय पर्यावरण कर.

विमा: या वयाला झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारा विमा) मिळणं अवघड. मग दाव्यात प्लॅस्टिक-रबराचे निम्मे पैसे तुमचे, आणि 10 वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांचेही निम्मे. एका हेडलाइटचा भाव विचारून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

पावसाळी_बेडूक

माझा अनुभव. दुसऱ्याच एका जर्मन कंपनीची एसयूव्ही होती, नाव घेत नाही. जुलैत चार दिवस महाबळेश्वरला झाडाखाली लावली. परत निघालो तर काच खाली जाईना, वायपर आपोआप चालू, डॅशबोर्डवर दिवाळी. सनरूफच्या कोपऱ्यातून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यात पाला अडकला होता. पाणी छतातून उतरून कार्पेटखाली साचलं आणि तिथल्या वायरिंगमध्ये गेलं. कार्पेट उचललं तर खालचा फोम स्पंजासारखा पिळता येत होता. बिल सांगत नाही, ही सहकुटुंब वाचायची जागा आहे.

केयेनची बॅटरीसुद्धा सीटखाली असते. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा खाली वाकून कार्पेट दाबून बघा, ओल आणि कुबट वास. मे महिन्याच्या शेवटी सनरूफच्या नळ्या आणि बॉनेटखालचे निचऱ्याचे भाग साफ करायचे, दरवर्षी, पंचांगात लिहून ठेवा. आणि उंदीर! त्यांना वायरचं इन्सुलेशन फार आवडतं. तुमच्या बेदाण्याच्या गोदामाजवळ ही गाडी लावू नका, हात जोडतो.

बेदाणावाला_सांगली

बेडूकराव, गोदामाचं लक्षात आलंच नव्हतं. खरंय.

काल दोन्ही गाड्या तपासल्या. स्कॅनरवाला माणूस ओळखीतून मिळाला.

दिल्लीवाली: 61 हजार किलोमीटर, इंजिनचे तास 4,850. भागाकार ताशी साडेबारा. एजंट म्हणाला, "सर, दिल्लीचं ट्रॅफिक." स्कॅनरवाला काही बोलला नाही, लॅपटॉप मिटला.

पुण्याची: 1 लाख 46 हजार, तास 5,020. ताशी 29. थंड चालू केली, आवाज स्वच्छ. लिफ्टवर चढवली तर गिअरबॉक्सच्या सांध्याशी थोडं तेल पाझरलेलं, पुढच्या लोअर आर्मचे बुश गेलेले. 45 च्या वेगाला तो मामांनी सांगितलेला हिसका, अगदी बारीक, पण आहे. कुलंट पाइपचं काम फाइलमध्ये नाही. हवेचं सस्पेन्शन नाही, साध्या स्प्रिंगा आहेत.

ग्रीसचे_हात

साध्या स्प्रिंगा म्हणजे लॉटरी समजा. हवेचं असतं तर एक दिवस सकाळी गाडी म्हशीसारखी बसलेली दिसली असती, कॉम्प्रेसरसकट.

पैशाचं विचारलं होतं ना. माझ्या गिऱ्हाइकांना मी एकच हिशेब देतो: गाडी 17 लाखांची झाली म्हणून तिचे पार्ट 17 लाखांच्या गाडीचे होत नाहीत. नवी असताना ती जिथं होती, तिथलेच भाव आजही. 20 चं बजेट असेल तर गाडी 16 च्या आत बसवा. पहिल्या सहा महिन्यांत कुलंट पाइप, बुश, सगळी तेलं आणि तो ट्रान्सफर केस, यालाच तीन-एक लाख लागतात असं धरून चाला. त्यानंतर वर्षाला दीड लाख वेगळ्या खात्यात. एखाद्या वर्षी त्यातला रुपयाही लागणार नाही. तेव्हा ते काढून गोव्याला जाऊ नका.

ऑइल 0 डब्ल्यू 40, डब्यावर पोर्शेची ए40 मान्यता छापलेली असेल तेच, आणि दर 8 ते 10 हजारला. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" असतं असं कुणी म्हणालं तर विचारा, कुणाची लाइफ? काही पार्ट फोक्सवॅगन टुआरेगशी जुळतात आणि तिच्या नावानं स्वस्त मिळतात. नंबर जुळवून मगच घ्या. पेट्रोल चांगल्या खपाच्या पंपावरूनच भरा. गाडी 20 टक्के इथेनॉलच्या काळातली नाही. महिनाभर टाकीत तेच पेट्रोल घेऊन उभी ठेवायची नाही.

सांगलीचं म्हणाल तर ऑइल, ब्रेक पॅड, बुश तिथला चांगला फिटर करेल. कॅलिब्रेशन आणि इंजिनच्या आतलं काम आलं की पुणे किंवा मुंबई. टोचन लावून आणायची वेळ येऊ शकते, सपाट फ्लॅटबेडच बोलवा. पुढची चाकं उचलून मागची फिरत आणली तर ट्रान्सफर केस वाटेतच जाईल.

बेदाणावाला_सांगली

अपडेट. मालकाला तपासणीचा कागद दाखवला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला, हिसक्याच्या ओळीपाशी थांबला, म्हणाला, "हे मला जाणवत होतं, पण मी रोज चालवतो म्हणून सवयीनं दुर्लक्ष झालं." 15.6 ला ठरली. कंपनीच्या सेंटरला चासी नंबर सांगितला, कॅमशाफ्टचं काम 2015 मध्येच झालेलं निघालं.

टीटीचे, म्हणजे मालकी बदलाचे, फॉर्म 29 आणि 30 सही झाले. पुढच्या गुरुवारी गाडी आधी गॅरेजला, मग घरी. फाइल मात्र मालकानं त्याच दिवशी दिली. बायकोनं ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवलीय.

आता एकच अडचण: 20 इंची चाकं आहेत, 275/45 चे टायर. सांगली-कोल्हापूर-मिरजेत या मापाचं अलाइनमेंट नीट करणारं कुणी आहे का? जवळच्या दुकानवाल्यानं फोनवर माप ऐकलं आणि विचारलं, "ट्रॅक्टर आहे का?"