फोटो स्पर्धा, नियम ७ : रविवारच्या आत बदला

ताई, शुक्रवार रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

फोटो स्पर्धेचा फॉर्म आत्ता भरायला घेतला आणि नियम ७ पाशी अडकले. "स्पर्धेसाठी आलेली सर्व छायाचित्रे मंडळाच्या मालकीची होतील. मंडळ त्यांचा कुठेही, कोणत्याही स्वरूपात, कायमस्वरूपी वापर करू शकेल व प्रायोजकांना देऊ शकेल." आलेली सर्व. जिंकलेली नाही, आलेली! मागच्या वेळी हे नव्हतं, मी जुनी मेल काढून बघितली, तेव्हा "निवडलेले फोटो अंकात छापू" एवढंच होतं. हे कुणी घातलं? मुदत रविवारी संपतेय म्हणून आत्ताच लिहितेय. हा नियम असाच राहणार असेल तर मी फोटो पाठवणार नाही आणि ज्यांनी पाठवलेत त्यांनीही एकदा नीट वाचावा.

सचिव, शुक्रवार रात्री १०:०५

ताई, कुणाचे फोटो कुणी विकणार नाहीये हो. खरं सांगायचं तर नियम लिहायला वेळच नव्हता, एका दुसऱ्या स्पर्धेची नियमावली मिळाली तीच घेतली आणि मंडळाचं नाव घातलं, प्रायोजकांचं वाक्य त्यातलंच. आपल्याला काय हवंय, कॅलेंडर, वेबसाइट आणि हॉलमधलं प्रदर्शन, संपलं. आत्तापर्यंत ४१ फोटो आलेत, आता मध्येच नियम बदलला तर आधी पाठवलेल्यांना काय सांगायचं? पुढच्या वर्षी नक्की बदलू.

ताई, शुक्रवार रात्री ११:३०

दादा, तुमच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही. पण हेतू फॉर्मवर लिहिलेला नाहीये, मालकी लिहिलेली आहे. कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते, कागद तोच राहतो.

मालकी दिली म्हणजे काय होतं ते जरा बघा. मी माझाच फोटो उद्या माझ्या स्वतःच्या प्रदर्शनात लावायचा तर मंडळाला विचारायचं. दुसऱ्या स्पर्धेत पाठवायचा तर तिथल्या फॉर्मवर पहिलीच ओळ असते, "हा फोटो माझा आहे आणि याचे हक्क माझ्याकडे आहेत". तिथे मी टिक कशी करू? ती टिक खोटी होईल. आणि हे ज्याला बक्षीस मिळालं त्याचंच नाही, ज्याचा फोटो पहिल्या फेरीत बाद झाला त्याचंही. त्याला ना बक्षीस, ना कॅलेंडर, वर फोटोही गेला.

मंडळाला कॅलेंडरसाठी मालकी लागत नाही, परवानगी लागते. "हे फोटो अमुक कामासाठी, अमुक काळ, माझ्या नावासकट वापरा" एवढं लिहून दिलं की काम भागतं. मालकी माझ्याकडे, वापर तुमच्याकडे. आणि ती परवानगी 'अनन्य नसलेली' असं स्पष्ट लिहायचं, म्हणजे तोच फोटो मी दुसरीकडेही देऊ शकते.

पुढच्या वर्षी बदलून या ४१ जणांना काय उपयोग?

काका, शनिवार सकाळी ६:५०

मी अध्यक्ष असतानाची गोष्ट सांगतो, कारण नियम ७ मला तितका वाईट वाटत नाही. पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेला जुने फोटो हवे होते. फोटो होते, खोकंभर होते, मागे नावही लिहिलेलं नव्हतं. कुणी काढले, ते लोक आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, काही पत्ता नाही. दोन महिने फोन करत बसलो. शेवटी अर्धे फोटो सोडून दिले. नाटकाचे, पहिल्या सभेचे, सगळे गेले. तेव्हा कुणीतरी एक ओळ लिहून घेतली असती तर? मंडळाकडे कायमचा हक्क असायलाच हवा. मंडळ म्हणजे काही परकी कंपनी नाही, हॉल आपणच मिळवतो, खुर्च्या आपणच लावतो. सभासदाने मंडळाला फोटो दिला तर त्यात गेलं काय?

वेबसाइटवाला, शनिवार सकाळी ९:२०

काका, त्या खोक्याचं दुखणं आजही तसंच आहे, फक्त खोकं बदललं. ४१ पैकी जवळजवळ निम्मे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहिती, म्हणजे कुणी काढला, कधी, कुठल्या कॅमेऱ्याने, सगळी निघून जाते. दहा वर्षांनी तुमच्यासारखंच कुणीतरी फोन करत बसेल. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा फॉर्मवरून अपलोड करा.

आणि फाईलमध्येच आपलं नाव घाला. त्यासाठी आयपीटीसी नावाची जागा असते, त्यात निर्माता आणि कॉपीराइट असे रकाने असतात, बहुतेक फोटो एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये भरता येतात. एकदा सेट केलं की दर फोटोला आपोआप लागतं.

दुसरं, आपण सगळ्यांकडून पूर्ण साइझची फाईल का मागतोय? परीक्षकांना स्क्रीनवर बघायला लांब बाजू १६०० पिक्सेल पुष्कळ झाली. ए४ पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, छापायला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, ते फक्त निवडलेल्या बारा जणांकडून नंतर मागता येतील. बाकीच्यांची मोठी फाईल आपल्याकडे नसलेलीच बरी, म्हणजे ती कुठे जायचा प्रश्नच नाही.

वहिनी, शनिवार सकाळी ११:१५

मी इथे फारसं लिहीत नाही पण काकांच्या "गेलं काय" वर लिहायलाच हवं.

सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या तेव्हाचा एक फोटो माझ्याकडे होता. फक्त हात. खिडकीतून उजेड, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, डाव्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा डाग, आणि दोऱ्याचं टोक ओठाने ओलं केलेलं असल्यामुळे चमकत होतं. एका कंपनीच्या हौशी फोटोग्राफरांच्या स्पर्धेला पाठवला. बक्षीस नाही मिळालं, मी विसरून गेले. दोनेक वर्षांनी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलो होतो, सासूबाईंनी टेबलावरचं एक पत्रक उचललं आणि म्हणाल्या, "हे माझे हात आहेत." सांधेदुखीच्या मलमाची जाहिरात होती. मी म्हटलं नाही हो आई, डाग उजव्या हातावर आहे. त्या म्हणाल्या, "उलटं छापलंय." खरंच उलटं होतं. आरशातल्यासारखं फिरवलं होतं आणि सुई खोडून टाकली होती, म्हणजे बोटं नुसतीच दुखतायत असं दिसावं.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं, नियम वाचा, तुम्ही मान्य केले आहेत. मी वाचले, आणि अक्षरशः आपल्या नियम ७ सारखीच वाक्यं होती, सर्व प्रवेशिका, कायमस्वरूपी, त्रयस्थांना देण्याच्या हक्कासह, आणि शिवाय बदल करण्याच्या हक्कासह. मी टिक केली होती.

सासूबाईंना मलमाचा राग नव्हता. "सुई का काढली" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. आणि मला तेव्हा कळलं की स्पर्धेला पाठवताना मी त्यांनाही विचारलं नव्हतं. हे मला अजून लागतं.

प्रकाशनातली, शनिवार दुपारी १:४०

वहिनी, वाचून पोटात कालवलं. मी पुस्तकांच्या हक्कांचं काम रोज करते म्हणून काही गोष्टी सांगते.

फोटो काढला त्या क्षणी हक्क काढणाऱ्याचा होतो, नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात खूण लागत नाही. १८८६ च्या बर्न करारात १९०८ साली जो बदल झाला त्यातून हे आलेलं आहे आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत. त्याच करारात १९२८ साली कलम ६ बिस (म्हणजे ६ नंतरचं जादा कलम) घातलं गेलं, ते नैतिक हक्कांचं. म्हणजे कृतीबरोबर आपलं नाव असण्याचा आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी मोडतोड कुणी केली तर विरोध करण्याचा हक्क, आणि हा आर्थिक हक्क विकल्यावरही उरतो. सुई खोडणं नेमकं इथे येतं. म्हणूनच मोठ्या नियमावल्यांत "नैतिक हक्क सोडत आहे" अशी ओळ हळूच घातलेली असते. ती दिसली की फॉर्म बंद करा. देशोदेशी यात फरक आहेत, काही ठिकाणी मालकी बदलायला सही केलेला लेखी कागदच लागतो, पण आपण त्यावर विसंबून वाईट नियम लिहू नये.

आपल्या नियमावलीत नियम ९ पण बघा, त्यावर कुणीच बोललं नाही. "छायाचित्रामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्याची भरपाई स्पर्धक करेल." म्हणजे फोटो मंडळाचा, प्रायोजकाने तो कुठेही लावला आणि फोटोतल्या माणसाने दावा केला तर पैसे भरायचे फोटो काढणाऱ्याने! हक्क एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे असं करणं बरोबर नाही.

आणि फोटोतली माणसं. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा, पण चेहरा त्या माणसाचा. लहान मुलं असतील तर आईवडिलांची परवानगी हवी, आपल्याकडच्या फोटोंत मुलं असतातच.

काका, शनिवार दुपारी ३:०५

वहिनींचं वाचलं. मी "गेलं काय" म्हणालो ते मागे घेतो. मात्र एक विचारतो. विकिपीडियावाल्यांची स्मारकांच्या फोटोंची स्पर्धा असते, माझा पुतण्या भाग घेतो, त्यात तर फोटो साऱ्या जगाला वापरायला देतात, धंद्यासाठीसुद्धा. तिथे कुणी तक्रार करत नाही, मग मंडळानेच काय घोडं मारलं?

ताई, शनिवार दुपारी ४:२०

काका, विकी लव्हज मॉन्युमेंट्स. मी पण फोटो दिलेत त्यात. २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली, २०११ ला १,६८,२०८ फोटो आले आणि गिनीज बुकात नोंद झाली. तिथे आणि आपल्यात फरक असा की तिथे मालकी माझीच राहते, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असतो, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून कुणीही वापरावा असा तयार परवाना, माझं नाव लावणं बंधनकारक असतं, आणि कुणी फोटोत बदल केला तर बदल केल्याचं सांगावं लागतं. शिवाय स्पर्धा भरवायचं कारणच ते आहे, सगळ्यांना वापरता यावेत असे फोटो गोळा करणं, ते पहिल्याच पानावर लिहितात. मी विचार करून तिथे मंदिराचा फोटो देते, घरच्यांचा देत नाही. लपवून घेतलेलं एक वाक्य आणि उघड मागितलेलं दान यात मला फार अंतर वाटतं.

तुमचं खोक्याचं दुखणं मात्र खरं आहे आणि त्याला उपाय आहे. मंडळाच्या इतिहासासाठी, स्मरणिकेसाठी, संग्रहात ठेवण्यासाठी कायमची परवानगी मागा, मी आनंदाने देईन. ती मालकीपेक्षा वेगळी आहे.

खजिनदार, शनिवार संध्याकाळी ५:५०

नियम बदलताच आहात तर एआयचं पण लिहा. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डागसेन यांनी एआयने केलेलं चित्र पाठवलं होतं, त्याला बक्षीस मिळालं आणि मग त्यांनी स्वतःच ते नाकारलं. आपल्याकडे असं झालं तर परीक्षक काय करणार? विजेत्यांकडून कॅमेऱ्याची मूळ रॉ फाईल मागावी.

प्रायोजकांशी मी बोललोय, त्यांना फोटो नकोच आहेत, कॅलेंडरवर लोगो हवाय. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

ताई, शनिवार संध्याकाळी ६:०५

रॉ मागा, पण "फक्त तपासणीसाठी, निकालानंतर पुसली जाईल" असं लिहा. आणि मोबाइलवर काढणाऱ्यांकडे रॉ नसते, त्यांची फोनमधली मूळ फाईल चालवा.

सचिव, शनिवार रात्री ९:४०

कार्यकारिणीचा कॉल झाला. प्रकाशनातल्या ताईंनी मसुदा करून दिला, त्यांचे आभार. नवीन नियम ७ असा:

"छायाचित्राचे सर्व हक्क ते काढणाऱ्याकडेच राहतील. निवड झालेली छायाचित्रे मंडळ या वर्षीचे कॅलेंडर, मंडळाची वेबसाइट व स्पर्धेचे प्रदर्शन यांसाठी दोन वर्षे वापरू शकेल. त्यानंतर ती मंडळाच्या संग्रहात व स्मरणिकेत वापरता येतील. ही परवानगी अनन्य नाही. प्रत्येक वापरात छायाचित्रकाराचे नाव दिले जाईल. छायाचित्रात बदल केला जाणार नाही, छपाईसाठी कातरायचे झाल्यास विचारले जाईल. कोणत्याही त्रयस्थाला छायाचित्र दिले जाणार नाही. निवड न झालेली छायाचित्रे निकालानंतर ३० दिवसांत पुसली जातील."

नियम ९ काढला. त्याऐवजी "छायाचित्र मी स्वतः काढलेले आहे, एआयने केलेले नाही, आणि त्यात ओळखू येणाऱ्या व्यक्तींची परवानगी मी घेतली आहे" एवढंच. मुदत एक आठवडा वाढवली. आधीच्या ४१ जणांना मी एकेकाला मेल करतोय, नवीन नियम मान्य असेल तर "हो" कळवा, नसेल तर फोटो पुसतो.

ताई, मी शुक्रवारी पुढच्या वर्षी म्हणालो होतो, ते चुकलं.

वेबसाइटवाला, शनिवार रात्री १०:१५

फॉर्म बदलला. लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेल. कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे फोटो फिरले ते आपापल्या फोनमधूनही काढा, मी ड्राइव्हवरून पुसले तरी तिथे राहतातच.

वहिनी, शनिवार रात्री १०:३२

"बदल केला जाणार नाही" हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. कातरायचं म्हणजे काय ते विचारत होत्या, सांगितलं.

काका, रविवार सकाळी ७:०५

सचिव, माझी एंट्री तूर्त थांबवा. धुक्यातल्या पुलाचा जो फोटो मी पाठवलाय तो माझ्या कॅमेऱ्यातला आहे, पण बटण माझ्या धाकट्या भावाने दाबलं होतं, मी तेव्हा पुलावर उभा होतो, फोटोत दिसतो तो मीच. "स्वतः काढलेले" यावर मला टिक करता येत नाही. त्याला आज फोन करतो, त्याच्या नावाने पाठवायला तो हो म्हणाला तर चालेल का, की सभासदच हवा? तो सभासद नाही.