कोलेन्सोच्या तोफचीचा मृत्यू

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या बोअर युद्धातील, ब्रिटिशांच्या ६६व्या बॅटरीच्या (तोफखान्याच्या तुकडीच्या) एका तोफचीचे पदक पाहण्यात आले, कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव उमटवलेले आहे. तो कोलेन्सोच्या लढाईतच पडला असेल का?

उत्तर: शक्य आहे. १५ डिसेंबर १८९९ रोजी १४व्या व ६६व्या बॅटरीच्या १२ तोफा पायदळाला मागे टाकून तुगेला नदीजवळ, बोअरांच्या बंदुकांच्या थेट माऱ्यात नेल्या गेल्या. तोफची एकामागून एक पडत गेले आणि अखेर १० तोफा शत्रूच्या हाती लागल्या. माझ्या मते हा निव्वळ उतावीळपणा होता.

उत्तर: तरीही घाई नको. या युद्धात लढाईपेक्षा रोगराईनेच अधिक ब्रिटिश सैनिक दगावले. १९०० मध्ये तिथल्या ब्लूमफाँटेन शहरात विषमज्वराने कहर केला. फितीवर ‘लेडीस्मिथची सुटका’ ही धातूची पट्टी आहे का, ते आधी पाहावे; वेढ्यात अडकलेले लेडीस्मिथ सोडवण्याच्या मोहिमेतल्या सैनिकांना ती मिळे आणि कोलेन्सोची लढाई त्याच मोहिमेतली.

प्रश्नकर्ता: ती एकच पट्टी आहे.