‘कळलं नाही’ म्हणजे नेमकं काय? वखर, फँड्री आणि सिनेमातले संवाद

पऱ्हाटी:
एका लघुपटाचे संवाद लिहितेय. गाव यवतमाळकडचं. म्हातारा सुनेला म्हणतो, "पानी याच्या आंधी वखरनी झाली पायजे." वाचनाच्या वेळी आमच्या संकलकानं (पुण्याचा आहे) हात वर केला. "वखरणी कळणार नाही, नांगरणी कर." मी म्हटलं, दोन्ही एक नाहीत. तो म्हणाला, प्रेक्षकाला काय फरक पडतो? तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. वखराला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि संवाद ‘कळायला हवा’ असं जे म्हणतात, त्यातलं कळणं म्हणजे काय?

बांधावरचा:
आम्ही साताऱ्याकडचे, आमच्यात कुळव. काम तेच. खाली आडवी लोखंडी पास असते, ती वरच्या थरातून सरकत जाते, ढेकळं फुटतात, तण कापलं जातं, रान सारखं होतं. नांगर माती उलटतो, कुळव उलटत नाही. नांगरट उन्हात तापायला सोडायची, कुळवणी पेरणीच्या तोंडावर. तुमचा म्हातारा ढगांकडं बघत नांगरणी म्हणाला तर आमच्याकडचं थेटर म्हणेल, आत्ता नांगरतोय होय हा? पुण्याला कळावं म्हणून शब्द बदलायचा आणि ज्याला कळत होतं त्याचाच घोटाळा करायचा, असला प्रकार.

चकवा:
‘कळलं नाही’ या एका तक्रारीत आपण बरंच काही कोंबतो. कधी ऐकूच आलेलं नसतं. कधी शब्द माहीत नसतो. कधी कोण कुणाला आणि का बोलतंय याचाच पत्ता लागत नाही. शब्द माहीत नसण्याला मी फार किंमत देत नाही. वखरनी अडली तरी ‘पानी याच्या आंधी’ कळलंय, म्हाताऱ्याची घाई कळलीय. पण कोण, का, हेच निसटलं तर दृश्य गेलं, मग भाषा कितीही सोपी असो. ‘उमगणं’ याहून वेगळं. ते घरी जाताना एसटीत झालं तरी चालतं.

द्राविडी प्राणायाम:
नागराज मंजुळे यांचा २०१३ चा ‘फँड्री’ घ्या. पोस्टर लागलं तेव्हा आमच्या नाक्यावर एकानं ते ‘फाउंड्री’ वाचलं होतं. शब्द कैकाडी, अर्थ डुक्कर. कैकाडी ही तमिळच्या नात्यातली द्राविडी बोली. तमिळमध्ये डुकराला ‘पन्री’, उच्चारताना मधे ‘ड’ डोकावतो, ‘पन्ड्री’सारखं ऐकू येतं. तेलुगूत ‘पंदि’. कन्नडात जुन्या ‘प’चा ‘ह’ झाला, म्हणून ‘हंदि’. सोलापुरात कन्नड कानावर पडणाऱ्यांना हा शेवटचा माहीत असेल. म्हणजे शब्द परका नव्हता, आपण त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो. सिनेमाचं नाव ‘डुक्कर’ ठेवलं असतं तर झटकन कळलं असतं, पण मग तो शब्द गावाचा झाला असता, सिनेमातल्या कैकाडी पोराच्या, जब्याच्या घरचा नाही. आणि शेवटी गावासमोर ते डुक्कर धरायची वेळ येते तेव्हा कोश उघडायची कुणाला गरज पडते?

ओसरी:
तुम्ही सगळे लेखकाच्या बाजूचे. माझं ऐका. आई ७४ वर्षांची, आम्ही रत्नागिरीचे. ‘सैराट’ आला २०१६ला, बोली करमाळ्याकडची, आईचं कुठे अडलं नाही. परवा घरी एक सिनेमा लावला. शहरातलं घर, सगळे प्रमाण मराठी, पण ओठातल्या ओठात. वर पार्श्वसंगीत. "काय गो म्हणाला तो?" मी मागे नेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "राहू दे, त्याला तरी माहीत असेल की नाही कोण जाणे." त्यामुळे चकवा, तुमची ती ऐकू न येण्याची तक्रार घाईघाईत मागे टाकू नका. बहुतेक घरांत तीच खरी आहे.

चकवा:
मान्य. ती बिनमाफीची.

द्राविडी प्राणायाम:
जाता जाता उलटं उदाहरण. ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये सरकारी वकील बाई कायद्यातला मजकूर इंग्रजीतून सपाट सुरात वाचत सुटते. आरोपी शाहीर समोर. प्रेक्षकाचंही लक्ष उडतं. तो मजकूर सोप्या मराठीत लिहिला असता तर त्या दृश्यात उरलं काय असतं?

पऱ्हाटी:
सगळ्यांचे आभार. वखरनी ठेवली. पण ‘कोण कुणाला आणि का’ वाचून खाडकन जागी झाले. माझा म्हातारा उगाच हवेत बोलत होता. आता आधीच्या दृश्यात सून लोहाराकडून वखराची पास धार लावून आणते, पिशवीतून काढून भिंतीला टेकवते, आणि म्हातारा तिच्याकडे न बघता आभाळाकडे बघत ते वाक्य टाकतो. संकलकाला दाखवलं. म्हणाला, हां, आता ठीक.

पुढच्या पानावर ‘डवरनी’ आहे. तिथे परत हात वर केलाय त्यानं.